दस्तातली कोरी ओळ

कागद हातात आला तेव्हा मी त्याचा मथळासुद्धा वाचला नव्हता. फोर्ट वर्थमधल्या आमच्या बँकेच्या बाराव्या मजल्यावरच्या लांबट खोलीत आम्ही नऊ जण बसलो होतो. सगळे शेअर आणि रोखे यांत केस पिकवलेले, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच वैताग, की या वयात पुन्हा शाळा. बँकेला अलीकडे शोध लागला होता की आपल्या श्रीमंत खातेदारांच्या पोतडीत जमिनीखालचे तेलाचे आणि वायूचे हक्क पडून आहेत आणि ते सांभाळणारं इथे कुणी नाही. म्हणून डेल्बर्ट पिंकस्टन नावाचा सत्तरीचा माणूस शिकवायला आणला होता. पश्चिम टेक्ससमधल्या कचेऱ्यांत बसून जुने दस्त उपसण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती, आणि तो बोलायचाही तसाच, आपण कुणाच्या तरी पडवीत बसलोय असं समजून. त्यानं छापील नमुन्याच्या प्रती वाटल्या. "हा कोरा दस्त," तो म्हणाला. "जमिनीखालचं विकायचं तर हाच लागतो. एका पानाचा आहे. आमच्याकडे या पानानं जेवढी घरं बसली तेवढी वादळांनीसुद्धा बसली नसतील." सगळे हसले. मीही हसले. मग माझी नजर पानाच्या मधोमध गेली. तिथे छापील मजकूर थांबत होता आणि पुढे एक लांब ओळ मोकळी सोडलेली होती. ती ओळ मी पूर्वी पाहिली होती. त्या ओळीवर माझ्या आईचं बोट होतं.

बोट चांगलं आठवलं. नखाशी खडूच्या पांढुरक्या भेगा, शाळा सोडून वीस वर्षं झाली तरी न गेलेल्या. आमच्या चर्चच्या शाळेत तिनं तिसरीच्या वर्गाला शिकवलं होतं, आणि तिसरीच्या मुलांना ती सगळ्यात आधी हेच सांगायची की कागदावर मोकळी जागा सोडू नये, तिथे दुसरं कुणीतरी लिहितं. समोर डेल्बर्ट बोलत होता. या ओळीत विकणाऱ्यानं स्वतःसाठी काय राखलंय ते लिहायचं असतं, अमुक एका विहिरीपुरतंच विकतोय, किंवा अमुक फुटांपर्यंतच विकतोय. "आणि काही लिहिलंच नाही तर?" त्यानं विचारलं. माझ्या शेजारचा प्रेस्कॉट, जो कायम पहिला हात वर करतो, म्हणाला, "तर जे चालू आहे ते जाईल. जी विहीर पैसे देतेय ती." डेल्बर्टनं त्याच्याकडे मायेनं पाहिलं. "बाळा," तो म्हणाला, "सगळं जातं. वरच्या गवताच्या मुळापासून पृथ्वीच्या पोटापर्यंत. चालू असलेलं, नसलेलं, अजून कुणाच्या स्वप्नातही नसलेलं. तुम्ही बँकेतली माणसं दूध मोजता आणि म्हणता गाईची किंमत कळली. आम्ही आधी विचारतो, गोठा कुणाचा?" पुन्हा हशा झाला. मला माझा आवाज ऐकू आला, अगदी नीट, बैठकीत विचारतात तसा. "समजा विकणाऱ्याच्या मनात फक्त जुनी विहीर विकायची होती. तर?" डेल्बर्टनं चष्मा काढला. "मनातलं कचेरीत नोंदवून घेत नाहीत, मॅडम." "आणि चूक नंतर लक्षात आली तर?" "चार वर्षांच्या आत कोर्टात गेलात तर निदान एका वकिलाच्या मुलीचं लग्न होईल. चार वर्षांनंतर तेवढंही नाही." मी वहीत लिहिलं, चार वर्षं. त्याखाली दोनदा रेघ मारली. आमच्या दस्ताला आठ झाली होती.

आठ वर्षांपूर्वीचा मार्च महिना होता. मार्चमध्ये आमच्याकडे कापसाची रानं उघडी असतात आणि वारा ती उचलून घरात आणून टाकतो. खिडक्यांच्या फटींत आईनं ओले टॉवेल कोंबले होते, तरी टेबलावरच्या मेणकापडावर हात फिरवला की बोटं लाल व्हायची. पपा जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांनी मृत्युपत्रात जमीन माझ्या भावाला, ऑटमारला दिली होती, कारण तोच ती कसत होता, आणि जमिनीखालचं सगळं आईच्या नावे ठेवलं होतं, तिच्यामागे आम्हा दोघांना अर्धं अर्धं. आमच्या भागात हे असंच करतात. वरचं एकाला, खालचं दुसऱ्याला. कोणी जमीन विकली तरी खालचं राखून विकतो. कोणी शेजाऱ्याला कुत्र्याचं पिल्लू दिलं तरी खालचं राखूनच देतो, हा आमच्याकडचा जुना विनोद. पपा तर रविवारी चर्चबाहेर उभं राहून सांगायचे, वरचं विका, ट्रॅक्टर विका, फारच अडलं तर पोरं विका, पण खालचं विकू नका. खाली काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांच्या वडिलांच्या काळात एका कंपनीनं भाडेपट्टा घेऊन रानाच्या कडेला एक विहीर खणली होती. तिच्यावरचा पंप साठ वर्षं नंदीबैलासारखा मान हलवत उभा होता आणि महिन्याला आईच्या किराण्याला पुरेल एवढा वाटा देत होता. तोही दरवर्षी आटत चाललेला.

आणि मी होते घरातली शिकलेली. ते माझंच म्हणणं नव्हतं, सगळ्यांचं होतं. फोर्ट वर्थच्या मोठ्या बँकेत कंपन्यांचे भविष्यकाळ मांडून त्यांना आजची किंमत लावणारी मुलगी. खालचा हक्क विकत घ्यायची मागणी पत्रानं आली तेव्हा आईनं पाकीट न फोडता माझ्यासाठी ठेवलं. मी ते फोडलं आणि चर्चच्या साप्ताहिक पत्रकाच्या पाठीमागे हिशेब मांडला. सहा वर्षांचे वाटे, त्यांची घसरण, त्यावर व्याज. विहीर अजून फार तर बारा वर्षं रडतखडत चालेल असं धरलं आणि उदारपणे पंधरा केलं. देऊ केलेली रक्कम माझ्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाली. मला आठवतं, मी हसले होते. मला वाटलं होतं की समोरचा मूर्ख आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण बैल रिकामा आहे हे त्या शहाण्याला शेवटीच कळतं. बारा वर्षांच्या नोकरीत मला एकदाही वाटलं नाही की जो माणूस दुप्पट देतोय तो काहीतरी वेगळंच विकत घेत असेल.

पण हेही खरं कारण नाही. आता या वयात स्वतःशी खोटं बोलून काय करायचं. त्या फुटकळ वाट्यामुळे आईच्या कराच्या कागदांत दरवर्षी पाच पानं वाढायची, आणि ती पानं मी भरायची. तालुक्याचा वेगळा कर, घसाऱ्याचा वेगळा तक्ता, कंपनीच्या पावत्या जुळवणं. एप्रिलमधला एक अख्खा शनिवार त्यात जायचा. मला तो शनिवार परत हवा होता. पाच पानांसाठी मी ते विकलं.

खरेदी करणाऱ्यांचा माणूस तरुण आणि गोड बोलणारा होता, आणि त्याच्याबरोबर नोटरीचा शिक्का मारणारी बाई होती. तिनं आमच्याकडे शेवयांचं सूप घेतलं आणि पाककृती लिहून नेली. कुणी फसवलं नाही. मी पुष्कळदा आठवून पाहिलं, आठवड्यातून कितीतरी वेळा, एखादा खोटा शब्द सापडतो का म्हणून. उलट तो म्हणाला होता, "मॅडम, या ओळीत काही घालायचं असेल तर घाला." आणि मी म्हणाले, "काय घालायचं? इनमिन एक तर विहीर आहे." तेव्हा आईनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही जागा मोकळी आहे, लिओना." "असू दे गं." "एर्विन असता तर," ती पपांचं नाव घेऊन म्हणाली, "त्यानं इथे काहीतरी लिहिलं असतं." "काय लिहिलं असतं?" "ते मला कुठे ठाऊक? पण मोकळी सोडली नसती." मी म्हणाले, "आई, सही कर, या लोकांना अंधाराच्या आत पोचायचंय." तिनं सही केली. तिसरीच्या मुलांना गिरवायला द्यावी अशी, एकेक अक्षर सुटं. संध्याकाळी ऑटमारचा फोन आला. "अगं, पपा म्हणायचे ना, की..." "अरे, फक्त ती जुनी विहीर रे," मी म्हणाले. "भाकड गाय विकली असं समज." तो हसला. "तू बँकेतली. तुला कळतं," म्हणाला. मला तसं खरंच वाटत होतं की विहीरच विकली. दस्ताच्या पहिल्या चार ओळीही मी वाचल्या नव्हत्या. मी फक्त रक्कम वाचली, दोनदा, शून्यं बरोबर आहेत ना ते पाहायला.

वर्ग सुटल्यावर मी लिफ्टमध्ये शिरले आणि तळमजल्याचं बटण दाबायच्या ऐवजी नुसतीच उभी राहिले. दार बंद झालं, लिफ्ट हलली नाही. ही पेटी दोरावर लटकते आहे आणि तिच्याखाली बारा मजले पोकळी आहे, हे माझ्या पायांना वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. मग कुणीतरी वर बोलावलं आणि मी वर गेले. बाहेर आल्यावर जे पहिलं मनात आलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगायला मला तोंड नाही. मी हिशेब केला. आमचं रान, त्याखालच्या नव्या विहिरी, माझा अर्धा भाग. गाडीपर्यंत पोचेतो माझा अर्धा भाग मला मुखपाठ झाला होता, आणि ऑटमारचं नाव त्यानंतर आठवलं. गाडीत बसून मी बराच वेळ रडले, पण त्यातलं कोणतं रडणं कुणासाठी होतं ते मला आजही वेगळं करता येणार नाही.

कारण दस्तानंतर चार वर्षांनी तेलकंपनीची माणसं आली होती. रानात रंगीत फिती बांधलेल्या खुंट्या दिसल्या आणि ऑटमारनं मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज लहानपणी नाताळच्या सकाळी असायचा तसा होता. आता खाली दोन मैल उतरून मग आडवं खणतात, आणि आमच्या रानाखाली थरावर थर तेल निघालं होतं. आजोबांच्या वेळचा भाडेपट्टा अजून जिवंत होता, कारण विहीर चालू तोवर पट्टा चालू, आणि तो नंदीबैल मान हलवतच होता. म्हणून कंपनीला कुणाची नवी सही मागायची गरज पडली नाही, आणि म्हणून आम्हालाही काही खटकलं नाही. शेजारच्या शेतकऱ्यांनी, ज्यांच्याकडे फक्त वरचं होतं, कंपनीशी इंच इंच भांडण केलं. रस्ता इथून नको, टाक्या तिथे नकोत. ऑटमार भांडला नाही. त्यांनी घरापासून चारशे पावलांवर जागा मागितली, त्यानं दिली. पांढऱ्या मुरमाचा एकरभर मोठा चौथरा तिथे उभा राहिला, त्यावर सात विहिरी, आणि टोकाला जास्तीचा वायू जाळायची नळी. मी त्याला विचारलं होतं, "इतक्या जवळ?" तो म्हणाला, "आपलंच तर आहे. आपल्याच वाटेत आपण कशाला काटे टाकायचे?"

विहिरी चालू होऊन सात महिने झाले होते. कंपनी प्रत्येक हक्कदाराला वाटपाचा कागद पाठवते, तुमचा हिस्सा एवढा, सही करून परत पाठवा, मग पैसे सुरू. रस्त्यापलीकडच्या वेसलिंगांना आला, त्यांच्या भाच्यांना आला, कुठे अलास्कात राहणाऱ्या त्यांच्या एका चुलत बहिणीला आला. आईचे असले कागद आता माझ्याच पत्त्यावर यायचे, तिच्या नावे आला नाही. ऑटमार दर बुधवारी मला विचारायचा, आणि मी दर बुधवारी म्हणायचे, "नावं तपासत असतील. अशा गोष्टींना वेळ लागतो." मला ते खरं वाटत होतं का? हो. पण एकदा, तिसऱ्या की चौथ्या महिन्यात, मी कपाटातून त्या दस्ताची प्रत ठेवलेलं पाकीट काढलं होतं आणि न उघडता परत ठेवलं होतं. का ठेवलं ते मी स्वतःला विचारलं नाही. माणसाला आपली चूक कळायच्या आधी तिचा वास येतो, आणि मग तो खिडकी लावून घेतो.

वर्ग मंगळवारी होता. बुधवारी फोन आला. "काय गं, आला का काही कागद?" मागे एक सतत घरघर ऐकू येत होती, वारा नव्हता तो. वायू जळतो तेव्हा असा आवाज येतो, दिवसरात्र. मी म्हणाले, "बघते." "बघ. घाई नाही, पण बघ. ते क्रिस्टोव्हलचं घर आहे ना, नदीकाठचं, ते विकणाऱ्या म्हाताऱ्याला मी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगपर्यंत थांबायला सांगितलंय. डॉक्टर म्हणतो मार्लीनला इथून हलवा. रात्री आडवंच होता येत नाही तिला, खुर्चीत झोपते. छाती अशी वाजते की मला वाटतं कुत्रं दार खाजवतंय." बायकोबद्दल एवढं सांगून तो हसला, कारण ऑटमार वाईट बातमीच्या शेवटी नेहमी हसतो, पपांसारखा. "आईला नको सांगू, ती उगाच माळ ओढत बसेल. सगळं कागद आला की एकदम सांगू." मी म्हणाले, "शनिवारी येते." "ये ना! सॉसेज करायला आईसकट सगळे चर्चच्या आवारात आहेत, पण मी घरीच असतो. मार्लीनला धूर सोसत नाही." फोन ठेवल्यावर मी पाकीट काढलं आणि उघडलं. आईची सही होती. ओळ मोकळी होती. आठ वर्षांत तिथे कुणीच काही लिहिलं नव्हतं, लिहायची गरजच नव्हती.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी कामावर गेले. डेल्बर्टचा दुसरा वर्ग झाला. त्यानं सांगितलं की खालचा हक्क म्हणजे लाकडांची मोळी असते, एकेक लाकूड वेगळं काढून देता येतं, सही करायचा हक्क एकाला, वाटा दुसऱ्याला, थोरल्याला हे, धाकटीला ते. लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यातून काटक्या काढून मुलांना देतात, असं तो सांगत होता. मला तो विषय कळत होता. हेच भयंकर होतं. इतकं झटपट मला आयुष्यात काही कळलं नव्हतं, प्रत्येक वाक्य आधीच ओळखीचं वाटायचं, आणि प्रेस्कॉट अडला की मीच त्याला समजावत होते. डेल्बर्ट जाता जाता म्हणाला, "तुम्ही तिकडच्याच दिसता, मॅडम." मी म्हणाले, "हो." "घरचं आहे काही खाली?" "होतं." त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टोपी डोक्यावर ठेवली. "विकणारे सगळे पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतात," तो म्हणाला, "विकणाऱ्याच्या मनात काय होतं त्याचा. मला मंगळवारीच कळलं. सॉरी." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला असता तर मला बरं वाटलं असतं की नाही, ते माहीत नाही. त्यानं ठेवला नाही.

शनिवारी सकाळी निघाले. वाटेत पाच तास मी वाक्यं जुळवत होते. "ऑटमार, एक गैरसमज झालाय." गैरसमज नव्हता. "ऑटमार, कंपनीकडून एक अडचण आहे." अडचण कंपनीची नव्हती. "ऑटमार, मी तुला पैसे देते." ही कल्पना मला ॲबिलीनजवळ सुचली आणि तिथपासून पंचवीस मैल मी जवळजवळ आनंदात होते. माझी बचत, घर गहाण, निवृत्तीचा फंड मोडायचा. कागद आला म्हणायचं आणि दर महिन्याला मीच पाठवायचे. मग मी आकडा मांडला, सवयीनं. चौदा महिने पुरलं असतं. चौदा महिन्यांनी त्यानं विचारलं असतं, बंद का झालं? आणि कोणत्याही आठवड्यात तो तालुक्याच्या कचेरीत जाऊन मोठं बाड उघडून पाहू शकत होता. सगळं तिथे आहे, कुणालाही दिसतं, साधं पान उलटायचं काम. आमच्या लोकांत बायका भाजी आणायला जातात तसे म्हातारे कचेरीत बाडं चाळायला जातात. ऑटमार गेला नाही, कारण घरात शिकलेली बहीण आहे.

बिग स्प्रिंग गाव मागे पडल्यावर तेलाचा वास सुरू होतो. पांढरी मुरमाची वाट, वाळूचे ट्रक, कापूस फुटून वेचणीला आलेला आणि त्यावर राखाडी धूळ. घराच्या फाट्यावर वळले तर जाळ समोरच होता. भर दुपारी सूर्यापुढेही दिसत होता. जुना नंदीबैल बंद होता, मान खाली घालून थांबलेला. ऑटमार पायरीवर बसला होता. उठला, मला मिठी मारली, त्याच्या शर्टाला पपांच्या शर्टाचा वास होता, डिझेलचा आणि साबणाचा. "बारीक झालीस," तो म्हणाला. "फोर्ट वर्थला जेवायला देत नाहीत वाटतं? मार्लीननं डुकराचा रस्सा केलाय, बसून बसून केलाय. आधी इथे बस, आत यंत्र चालू आहे तिचं, वाफ घेतेय." खिडक्या सगळ्या बंद, फटींत ओले टॉवेल. मार्च नव्हता, ऑक्टोबर होता.

मी बसले. चारशे पावलं म्हणजे किती जवळ ते मला फोनवर कळलं नव्हतं. बोलायला आवाज चढवावा लागत होता, आणि मी पाच तास जे हळूच सांगायचं ठरवलं होतं ते मला जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. "ऑटमार, कागद येणार नाही." "म्हणजे?" "आईचं खाली काही नाही. मी सगळं विकलं." त्याला ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हणाले. तो म्हणाला, "जुनी विहीर विकलीस. ते ठाऊक आहे मला." "विहीर नाही रे. दस्तात राखायची ओळ असते. मी ती मोकळी सोडली. मला वाटलं विहीरच जातेय. सगळं गेलं." तो आमच्याकडचा माणूस, त्याला पुढचं समजावावं लागलं नाही. त्यानं एकच विचारलं. "किती खोल?" "पार." "थोडंही नाही राखलं? अमक्या फुटांखालचं, असं काही?" "नाही." "पपा..." म्हणाला, आणि थांबला. मला वाटलं तो आता मला मारेल. लहानपणी मी त्याचा कबुतरांचा पिंजरा उघडा टाकला होता तेव्हा त्यानं मारलं होतं, आणि नंतर आम्ही दोघं रडलो होतो आणि सगळं मिटलं होतं. मला ते हवं होतं. मी अक्षरशः गाल पुढे करून बसले होते.

तो जाळाकडे बघत होता. "मी त्यांना रस्ता दिला," तो म्हणाला. "बांधापलीकडचा शेजारी भांडला, त्याच्याकडे तर फक्त वरचं, त्याचा चौथरा मैलभर लांब गेला. मला म्हणाला, अरे भांड, आम्ही साक्षीला येतो. मी म्हटलं आपलंच आहे, टाका इथेच, मला बघायला मजा येईल. मी म्हटलं, लिओना. मजा येईल." त्याच्या हातात जमिनीवरचं एक कापसाचं बोंड होतं, तो त्यातल्या सरक्या काढून एकेक पायरीवर ठेवत होता. मी म्हणाले की मी पैसे देते, घर विकते, क्रिस्टोव्हलचं मी बघते. "किती दिवस?" त्यानं विचारलं, आणि मी उत्तर दिलं, कारण मला ते माहीत होतं. "चौदा महिने." त्यानं मान हलवली, चिडून नाही, एखाद्या मुलानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवतात तशी. "आईनं काही विचारलं नव्हतं का तेव्हा?" "विचारलं होतं." "काय?" "की ही जागा मोकळी का आहे." तेवढ्यावर त्यानं डोळे मिटले. इतक्या वेळात तेवढंच त्याला लागलेलं मला दिसलं.

आत यंत्र थांबलं. यंत्र थांबल्यावर मार्लीनचा श्वास जाळीच्या दारातून ऐकू आला, घरघरीच्या आवाजातूनही. मला वाटलं आता तो उठेल, आत जाईल आणि तिला सांगेल, आणि ती बाहेर येऊन माझ्याकडे पाहील. मी त्यासाठी पाठ ताठ केली. "ऑटमार," ती आतून म्हणाली, मध्ये दम घेत, "लिओना आली ना? कागद आणला का तिनं?"

ऑटमारनं सरक्या गोळा करून मुठीत घेतल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. मग त्यानं आवाज चढवला, नेहमीचा, बुधवारचा, शेवटी थोडं हसू असलेला.

"नाही गं अजून. नावं तपासतायत. अशा गोष्टींना वेळ लागतो. लिओना बघतेय."

"बरं," मार्लीन म्हणाली, आणि खोकली, आणि खोकला संपेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. "ती बघतेय तर मग काळजी नाही. या, जेवायला बसा."